दोन तांब्यांचा एक

पिपरी मेघे,
४ मे २०२५

ती. दादास,
आनंदाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जोडतोस, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरजवळ देते आहे.

सूनबाईला, वर्षालीला, अंगावर दूध पुरेसं येत नाही. तीन महिन्यांची सुरभी डब्याच्या दुधावर आहे आणि ते कालवायचं पाणी नळाचं. उन्हाळ्यात आमच्या लेआउटच्या टाकीत नुसतं बोअरचं पाणी चढतं. आठ दिवस झाले, पोर मलूल आहे, जुलाब होतात. ओठही सावळे दिसतात. सूनबाई म्हणाली की आई, रंगानं ते तुमच्यावरच गेली. एरवी मी हसले असते.

फिल्टरवाले तिघे येऊन गेले. एकाचा कँडलचा, एकाचा दिव्याने जंतू मारणारा, एकाचं आरओ. प्रत्येकाने बाकीच्या दोघांना नावं ठेवली. तीस वर्षं तू तळेगावच्या नळयोजनेचा पंप चालवलास, तेव्हा कैलासला मी सांगून टाकलं की मामा म्हणेल तेच घ्यायचं. लवकर लिही, माझा जीव थाऱ्यावर नाही.

लोभ आहेच, उत्तर तेवढं येऊ दे.
तुझी आनंदा

*

तळेगाव (श्यामजी पंत),
७ मे २०२५

चि. सौ. आनंदास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू जन्माची घाबरट. विहिरीत बेडूक दिसला तरी घर डोक्यावर घ्यायचीस. त्या तिघांपैकी कोणालाही दारात उभं करू नकोस. कैलासला म्हणावं, भिंतीवर यंत्र टांगलं म्हणजे पाणी गंगेचं होत नाही.

आई बाळंतिणीला पाणी आटवून द्यायची, आठवतं? दोन तांबे चुलीवर चढवायचे आणि एक उतरवायचा. सुरभीचं दूध कालवायच्या पाण्याचं तसंच कर. मी गावातल्या कितीतरी लेकीसुनांना हेच सांगत आलो, सगळ्यांची पोरं दणकट आहेत. आळस करू नकोस, अर्धं होईपर्यंत उतरवू नकोस.

सुरभीला माझा पापा. म्हाताऱ्यावर लोभ असू दे.
तुझा दादा, वासुदेवराव

*

वर्धा,
१६ मे २०२५

ती. दादास, सा. न. वि. वि.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. सुरभी आत आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवसापासून आटवायला लागले. आधी दोनाचं एक. पोर सुधारेना, तेव्हा तिनाचं एक. सोमवारी तिचे ओठ आणि नखं जांभळी पडली. डॉक्टरांनी रक्त काढलं तर ते लाल नव्हतं, तपकिरी होतं. त्यांनी नळाचं पाणी तपासायला लावलं. त्यात नायट्रेट निघालं, चालतं त्याच्या दुप्पट; त्याने तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. ते म्हणाले की उकळल्याने जंतू मरतात, पण हे मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि नायट्रेट भांड्यातच राहतं, म्हणजे आटवू तेवढं दाट होतं. कँडल आणि दिवा यांचाही उपयोग नव्हता, आरओने कमी झालं असतं. कैलासने ते काल बसवलं.

दादा, मी तिला माझ्या हाताने दाट करून पाजलं.

डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी सांगितलं. मी म्हणाले, माझ्याच मनाने केलं. वर्षाली एकदाच बोलली, की तुम्ही त्या भांड्याजवळ तासतास उभ्या राह्यच्या, मले वाटे माह्या लेकरासाठी करून राह्यल्या. तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाही. तुझं पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं आहे. तू कोणाला सांगू नकोस, या वयात तुला बोल नको.

औषधाची सुई दिली आहे. डॉक्टर अजून भरवसा देत नाहीत.
आनंदा

*

तळेगाव (श्यामजी पंत),
१८ मे २०२५

चि. आनंदास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

डब्यामागचं माझं पत्र काढ आणि वर्षालीच्या हातात दे. हेही दे. सूनबाई, हे मी सांगितलं. माझ्या बहिणीने फक्त ऐकलं. तीस वर्षं मी टाकीत जंतू मारायची पावडर टाकली, पावडरीचा वास आला की पाणी चांगलं, एवढीच माझी अक्कल. नायट्रेट मी कधी ऐकलंही नव्हतं. पण मला माहीत नाही, असं लिहायची लाज वाटली.

तुझं पत्र वाचून गावातल्या भैय्याजीच्या घरी गेलो. त्याच्या नातसुनेला दोन महिन्यांचा मुलगा आहे, तोही डब्याच्या दुधावर. चुलीवर पाणी आटत होतं. मी भांडं हातानेच उतरवलं आणि अंगणात ओतलं. बोटं भाजली. घरातले सगळे माझ्यावर ओरडत असावेत, मला ऐकू आलं नाही. कागदावर लिहून सगळं समजावलं. मग त्या पोरीने माझाच पेन घेतला आणि खाली लिहिलं, की आबाजी, तुमीच तं सांगतलं होतं.

त्यांच्या पाण्याची बाटली तपासायला घेऊन उद्या वर्ध्याला येतो आहे. तिथून दवाखान्यात येईन. वर्षाली जे बोलेल ते तिला मोठ्याने बोलायला सांग, मला सगळं ऐकायचं आहे.

लोभ वाढवू नकोस. उरला असेल तेवढा राहू दे.
दादा