आपल्या बाजूचा भात

निझवा, शनिवार

आदरणीय झुवैनाताईस,

धाकट्या झहरानचा सलाम. तुझ्यावर, मुलांवर आणि तुझ्या त्या चिडक्या शेळीवर अल्लाची कृपा असो. गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही खुशाल. मी तर इतका खुशाल आहे, की ते मस्कतला बसलेल्या एका मुलीलाही दिवसभर कळत असतं.

त्याचं असं झालं. माझी साखर वाढल्याचं तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी दंडावर बटणाएवढी चकती चिकटवली. ती साखर मोजते आणि मोबाइलवरून मस्कतच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बद्रियाला कळवते. (महफूझालाही कळवते. बायकोला माझ्या पोटातलं कळायचं तेवढंच राहिलं होतं.) गोळ्या, चकती, चालणं, सगळं मला कबूल होतं. पण महफूझाने जाहीर केलं, "आजपासून तुमचं ताट वेगळं." आता तूच सांग, शुक्रवारी शेजारच्या हमदानच्या बैठकीत सगळे जेवायला एका परातीभोवती मांडी ठोकून बसलेत आणि मी कोपऱ्यात डब्याचं झाकण उघडतोय, हे शोभतं का? माणूस आजारी पडला तर लोक भेटायला येतात. परातीवरून उठला की विसरतात. मी बद्रियाला फोनवर म्हटलं, पोरी, तू सांगशील ते करीन, पण माझी परातीवरची जागा वाचव. ती म्हणाली, बघू काका, आधी जेवणाचा फोटो पाठवत जा.

शुक्रवारी मी बिस्मिल्ला म्हणण्याआधी इमानदारीने फोटो काढला. (परात हमदानची. तिच्यात लहान मूल झोपेल.) आता बद्रिया माणूस आहे, पण फोटोचा हिशेब आधी मोबाइल करतो, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं, एक फोटो म्हणजे एका माणसाचं जेवण. त्याने परस्पर महफूझाला कळवलं, की झहरान यांनी दुपारी अर्धी बकरी आणि डोंगरभर भात घेतला आहे. पहिला घास तोंडात, तोच तिचा फोन. ती काय बोलली ते बैठकीतल्या सगळ्यांनी ऐकलं. हमदान म्हणाला, "वहिनी, त्याला सोडा, आमच्यासाठी काही उरलंय का ते विचारा!"

बद्रिया मात्र हसत सुटली. ती इथल्या जवळच्याच बहला गावची, परातीवरच वाढलेली. म्हणाली, "काका, परातीत आपल्या समोरचंच खायचं असतं ना? मग समोर काय येईल ते तुम्ही ठरवा." म्हणून मी माझ्या बाजूला मासा आणि काकडी-मुळा मांडून घेतला, भाताचा बांध पलीकडे सरकवला. पण हमदान पडला यजमान! चांगला चरबीचा तुकडा दिसला की आलाच माझ्यासमोर, वर भाताची मूठ. नको म्हटलं तर त्याचा अपमान. चकतीचा आकडा खजुराच्या झाडावर चढला. पुन्हा बद्रियाला फोन. "नको म्हणूच नका. त्यांच्याआधी तुम्ही वाढा."

ताई, पोरीने काय युक्ती दिली! आता मी बसल्या बसल्या मांस तोडून सगळ्यांपुढे टाकत सुटतो. हात मोकळाच नसतो, तर खाणार कधी? निझव्यात माझ्या दिलदारपणाची चर्चा आहे. (माझ्या! तुला खरं वाटणार नाही.) माझी साखर उतरली, डॉक्टर खूष, महफूझाने ते वेगळं ताट कोंबड्यांपुढे ठेवलं. हमदानचं पोट मात्र वाढलं आणि गेल्या आठवड्यात त्याच्याही दंडावर चकती आली. आता आम्ही दोघं मिळून बैठकीतल्या मास्तर सैफला वाढतो. तो सध्या फार आनंदात आहे.

तुझा,
झहरान

ता. क. : प्रत्येक फोनवर तू "तब्येत उत्तम" म्हणतेस. पण राया म्हणाली, तुलाही साखर निघाली आहे, आणि तू "माझं झालं" असं सांगून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून एकटी जेवतेस. सुनेला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. ईदला इकडे ये. खड्ड्यात रात्रभर भाजलेलं मांस, आपलं शुवा, काढू तेव्हा माझ्या शेजारी बस. बद्रियाला तुझं नाव सांगून ठेवलंय, चकतीही आणलीय. लावताना दुखत नाही. (मी ओरडलो होतो, पण ते महफूझा बघत होती म्हणून.)

आणखी एक : लहानपणी चांगला तुकडा तू गुपचूप माझ्याकडे सरकवायचीस. या खेपेला वाढणारा मी आहे, तेव्हा मुळा मिळेल. तक्रार चालणार नाही.