दोनच डाव, पन्नास-पन्नास वेळा

प्रिय मनस्वी,

मंगळवारी दुपारी सव्वातीनला मी त्या शंभर डावांतला पहिला आणि एकाहत्तरावा डाव शेजारी-शेजारी उघडले. तुला खोटं पाडायलाच उघडले होते. शेवटच्या चालीपर्यंत दोन्हींत एका प्याद्याचाही फरक नव्हता. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे पत्रही तिसऱ्यांदा लिहितोय.

आपल्या बुद्धिबळाच्या इंजिनाने वर्गातल्या ऋत्विकच्या इंजिनाला शंभर-शून्य हरवलं तेव्हा मी लॅबभर नाचलो होतो. तू मात्र स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालीस, विनीत, हे शंभर डाव नाहीत. दोनच आहेत, एक पांढऱ्याने, एक काळ्याने, पन्नास-पन्नास वेळा खेळलेले. सुरुवातीच्या चालींची ती फाइल, तू महिनाभर खपून केलेलं ओपनिंग बुक, फक्त आपल्या इंजिनाला दिलं होतं. ते दरवेळी तीच चाल काढणार आणि बिचारं समोरचं दरवेळी त्याच खड्ड्यात पडणार. बुक दोघांना दे, प्रत्येक सुरुवात बाजू बदलून दोनदा खेळव, मग नाच, म्हणालीस. मला ऐकू आलं ते एवढंच, की तुला ऋत्विकचा पुळका आहे. तसं सगळ्यांदेखत बोललोही. आठवड्याने मी कॉलेज सोडलं.

सध्या मारुती मंदिराजवळ प्रमोदकाकांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. काका म्हणतात, मेल्या, गिऱ्हाइकाशी भांडून स्क्रीन बसत नाय. तुझ्या पालीची एसटी समोरून गेली की हातातला स्क्रू खाली पडतो, कारण तू तिच्यात असशील असं उगाच वाटतं. हे काकांना सांगितलेलं नाही.

मंगळवारनंतर तुझ्या पद्धतीने सामना लावला. अडीचशे सुरुवाती, बाजू बदलून पाचशे डाव. लॅपटॉपचा पंखा दोन दिवस घरघरत होता आणि मी ओटीवरून परसात, परसातून ओटीवर. आई म्हणाली, यंत्रं भांडतायत नि घाम तुला येतोय होय रे? निकाल सांगून टाकतो. ऋत्विक दोनशे अडुसष्ट, आपण दोनशे बत्तीस. हरलो. राग यायला हवा होता, आला नाही. मग कुठे हरलो ते शोधायला तुझी फाइल नीट उघडली, तर काही सुरुवातींपुढे तू टिपा लिहिलेल्या. "इथे विनीतचं इंजिन घोडा अडकवून घेतं. तरी ठेवतेय, म्हणजे त्याला दिसेल." अशा एकोणीस. मला दिसायला सात महिने लागले.

आता जे लिहायचं टाळतोय ते. कॉलेज सोडण्याच्या आदल्या दिवशी मी प्रोजेक्टच्या सरांकडे गेलो होतो. सांगितलं, की मनस्वीने बुक चोरून ऋत्विकला दिलं आणि मला हरवायला मुद्दाम माझ्या अडचणीच्या सुरुवाती त्यात भरल्या. दोन्ही खोटं. तुझी फाइल न उघडताच, रागात बोललो, पण शब्द जुळवून, विचार करून बोललो. म्हणून तुझं नाव प्रोजेक्टवरून गेलं. तू कारण विचारत राहिलीस आणि कुणी सांगितलं नाही. ते कारण मी आहे.

आपल्या वर्गातल्या नितेशकडून कळलं, आज चार वाजता तुझं प्रकरण कॉलेजच्या कमिटीपुढे आहे. पाचशे डाव आणि तुझी फाइल पेन ड्राइव्हमध्ये घेतली आहे. आधी तिथे सगळ्यांदेखत खरं सांगणार, मग हे पत्र तुझ्या हातात देणार. तुला एकटीला तोंडाने सांगायला गेलो तर परत चढ्या आवाजात काहीतरी भलतंच बोलेन, मला ठाऊक आहे. माफ कर म्हणत नाही. माझ्यावर काय ठपका ठेवायचा ते तू ठरव. आई विचारतेय, जेवायला थांबतोस का. नाही थांबत. चपला घातल्या, निघालो, दार ओढून घेतो.

तुझाच, तुला चालत नसलं तरी,
विनीत