माझ्या होडीला कोणी सांधू नये

मी, नीराबाई तुळशीराम नाखवा, मासळी विकणारी, राहणार खाडीकाठ, उरण, पूर्ण शुद्धीत आणि कोणी हात न धरता हे लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात तब्येत ठीक आहे. पण मला स्वस्थ बसवत नाही. दर भरतीला उठून मागच्या दारात जाऊन होडी पाहते, म्हणून आजच लिहिते.

१. राहते घर मुलगा विनेश याला. त्यावर वाद नाही. मात्र मागच्या अंगणात फरशी बसवू नये. किनाऱ्याचे सुशोभीकरण झाले, फिरायचा रस्ता झाला, दिवे आले. चिंबोऱ्या-खेकड्यांना फिरायला आमचे अंगणच उरले. मागचा दिवा रात्री बंद ठेवावा.

२. बोंबील सुकवायचे बांबू नात दिशा हिला. उपटू नयेत. आता कोणी बोंबील सुकवत नाही, म्हणून बांबू बिनकामाचे, असे सुशोभीकरण समिती म्हणते. खंड्या रोज त्यावरच बसून मासा हेरतो, ते समितीला दिसत नाही.

३. कोयता शेजारी भागोजींना. नाहीतरी तो त्यांच्याच घरी असतो.

४. होडी. हे कलम मी लिहून लिहून फाडले.

यजमान हिच्यातून समुद्रावर गेले आणि होडी तेवढी रिकामी काठाला लागली. विनेश तेव्हा पाळण्यात होता. हाताशी आल्यापासून दर नारळी पुनवेआधी तो तिला तेल लावतो, रंगवतो, फटी बुजवतो. ती पाण्यात जाणार नाही हे ठाऊक असूनही. गेल्या वर्षी पुढच्या टोकाला, नाळेजवळच्या फटीत दयाळ पक्ष्याने घरटे केले होते. विनेशच्या ते ध्यानात आले नाही. त्याने कापूस आणि राळ ठासून फट बंद केली. दयाळाची जोडी बाहेर ओरडत राहिली. मी भागोजींकडून कोयता आणून फळी फोडली. पिल्ले जिवंत निघाली. बापाच्या होडीवर घाव घातला म्हणून विनेश कित्येक दिवस माझ्याशी बोलेना.

आता समिती ही होडी रंगवून, दिवे लावून चौथऱ्यावर बसवणार, खाली यजमानांच्या नावाची पाटी. विनेश तयार आहे. मला म्हणाला, "आये, होरी कुजली तं बाबा दुसऱ्यांदा जाईल." त्याचे दुःख मला कळते. माझेही तेच आहे.

तरी होडी आहे तिथेच, फुटकी, चिखलात राहावी. काल दयाळ त्या फटीपाशी पुन्हा येऊन गेला. हे न पाळल्यास घर दिशाला जावे.

नाही. वरचे शेवटचे वाक्य खोडले. घर विनेशचेच. त्याला धाक घालून मला काही मिळवायचे नाही.

विनेश, तुझ्या बापाला घेऊन गेलेली होडी रिकामी आली. त्यानंतर तिच्यातून पहिल्यांदा काही जिवंत निघाले, ते या हातांनी मी बाहेर काढले. ती फट बुजवू नकोस, बाळा.

खाडाखोडीवर सही केली आहे. कोयता मिळणार म्हणून भागोजींची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले. भागोजी रुसून गेले.

साक्षीदार: शिवदास म्हात्रे (सही), क्रांती भोईर (सही)

नीराबाई तुळशीराम नाखवा (सही)
उरण, ३ मार्च २०२५