चौथ्या छिद्राची पत्ती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा माउथ ऑर्गन बनवणे व दुरुस्त करणे, हा कागद राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहिते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. घरच्यांचे मत विचारू नये.

१. राहते घर माझ्यामागे यजमानांचे, त्यांच्यामागे मुलीचे. खिडकीची कडी मोडकी आहे. यजमान "बघतो" म्हणाले होते. अजून बघतच आहेत.

२. बँकेतली शिल्लक मुलीस. जावईबापूंच्या नव्या धंद्यात त्यातला छदामही जाऊ नये.

३. धाकट्या भाऊजींना रिव्हेट ठोकायची हातोडी. झाकण नाण्याने उघडावे, बिघडलेली सुराची पत्ती नखाने उचलावी, नवी दाबून बसवावी, असा माउथ ऑर्गन मी बनवला. भाऊजी आमच्या घरच्या कारखान्यात सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, लोक घरीच दुरुस्ती करायला लागले तर आपण काय माशा मारायच्या?" आणि माझ्या नमुन्याचे झाकण रिव्हेट ठोकून कायमचे बंद करून मोकळे झाले. त्याच दिवशी मी कारखाना सोडला. आता बसा म्हणावं ठोकत.

४. सुट्या पत्त्यांचे डबे दाराशी ठेवावेत. हवी त्याने न्यावी. बसवून मात्र कोणी देऊ नये. घरी बनवलेल्या प्रत्येक नगाबरोबर मी जादा पत्त्या दिल्या, तर गिऱ्हाईक तीच पुडी हातात घेऊन परत हजर! "बाई, तुम्हीच बसवा ना, तुमचा हात बरा." अरे, हात कशाला लागतोय? नख आहे ना? तोंडाला फेस येईपर्यंत शिकवले. पालथ्या घड्यावर पाणी. आणि सर्वांत पालथा घडा माझ्याच घरात. यजमान रोज संध्याकाळी वाजवायचे, पण झाकण एकदाही उघडले नाही. म्हणे, "तू आहेस ना." नाही ना राहणार! तेच तर लिहायला बसले आहे.

५. यजमानांचा माउथ ऑर्गन यजमानांनाच. त्याच्या चौथ्या छिद्राची पत्ती कधीची सुरातून उतरलेली. बदलते म्हटले की लपवून ठेवायचे. "तो सूर लागला की तू आतून ओरडतेस. बरं वाटतं." रागही आला, रडूही आले.

मी अंथरूण धरल्यापासून त्यांनी तो तोंडाला लावलेला नाही. काल ते औषधे आणायला गेले, तेव्हा मी नवी पत्ती बसवली. आता वाजवाल तेव्हा सूर चोख लागेल, आणि आतून कोणी ओरडणार नाही. तुम्हाला ते सोसायचे नाही, ठाऊक आहे मला. जुनी पत्ती टेबलाच्या खणात, काडेपेटीत आहे. मुलीने किंवा आणखी कोणी मदत करू नये.

अहो, खिशात नाणे असेलच. डावीकडे फिरवा.

साक्षीदार:
डॉक्टरीणबाई (सही)
खालच्या मजल्यावरच्या शिंपीमावशी (सही). सही करताना म्हणाल्या, "मीच बसवून देऊ का त्यांना?" त्यांना समज दिली आहे.

ठिकाण: निजायची खोली
दिनांक: आजचा, गुरुवार, यजमान परत यायच्या आत
(सही)