इल नदीच्या तीरी

नाशिक, १४ मे १९९९

चि. किशोर,

आशीर्वाद, पण या वेळी हात आखडून. रूपालीला आणि बाळाला मात्र भरघोस.

आधी तक्रार. आपल्याकडच्या वाचनालयात संदर्भग्रंथ घरी नेऊ देत नाहीत. तिथेच पंख्याखाली बसून वाचायचं, आणि पंखा माझ्याआधी पान उलटतो. बटण बंद केलं तर समोरचे गृहस्थ, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले फोरमन, गरजले, "अहो, जन्मभर वीज तयार केली ती उकडून मरायला काय?" अशा अन्यायावर माणसानं सत्याग्रह करावा. पण मला पुस्तक हवं होतं, म्हणून दोन्ही कोपरं पानांवर रोवून वाचलं.

पुस्तक म्हणजे इंग्लंडच्या खेड्यांचं जुनं गॅझेटियर, सव्वाशे वर्षांपूर्वीचं. तुझं हेझलम त्यात आहे. स्टेशन तीन मैलांवर, माती चिकण, वस्ती चारशेच्या आसपास, पाद्रीबुवांचं घर सुस्थितीत. गावात एकाही भांडणाची नोंद नाही. लिहिणारा तिथे मुक्कामाला राहिला नसावा.

हे का शोधत बसलो, ते सांगतो. आई फेब्रुवारीत तुझ्याकडे वारली आणि तू तिच्या अस्थी तिथल्याच नदीत सोडल्यास. बाळ सहा दिवसांचं, तुला निघता येईना, हे कळतं. तरी तुझं पत्र आल्यापासून मी गप्प आहे. मनमाडची कलामावशी गप्प नाही.

"कुसानं सारा जन्म रामकुंडावर फुलं इकली, लोकांच्या मेलेल्यांसाठी. साऱ्या मुलखाच्या अस्थी इथं येतात, आन् हिच्या इंग्रजाच्या नाल्यात? त्या किशोरचं नाव काढू नको माझ्यापुढं!"

तिचा हुकूम असा की दर्भाचा पुतळा करून सगळं पहिल्यापासून करायचं. म्हणजे तू केलंस ते केलंच नाहीस, असं ठरवायचं. मला तो हुकूम पटला होता, हेही लिहून टाकतो.

गंगेवर, रामकुंडाशी, जयराम गुरुजींकडे गेलो. आईकडून झेंडू घेता घेता त्यांचे केस पांढरे झाले. त्यांनी विचारलं, "नदी बारमाही आहे?"

"माहीत नाही."

"उगम? समुद्राला मिळते?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून या. वाहती असेल, समुद्राला जात असेल, तर पुतळा कशाला? कुसाबाई पोचल्या. डबकं असेल तर मावशीचं ऐका."

किशोर, डबकं निघावं म्हणूनच मी वाचनालयात गेलो होतो.

निघालं ते असं: इल नदी, टेकडीखालच्या झऱ्यातून उगम, कडक अवर्षणातही आटत नाही. पूर्वेला वाहत दोन पिठाच्या गिरण्या फिरवते, मासे मुबलक, पुढे मोठ्या नदीला मिळून समुद्राला जाते. दोनदा वाचलं. त्या साहेबाला गुरुजींनीच प्रश्न काढून दिले असावेत.

गुरुजींना मराठी करून सांगितलं. ते पायरीवरून गंगेकडे बघत होते. पाणी घोट्याएवढं, वर निर्माल्य. "आपली सध्या धरणातून सोडतील तेव्हा वाहते," ते म्हणाले. "तिकडची बरी."

मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाणी लय गार असंल का रं तिथलं?"

"असणार."

"तिला गार सोसत नव्हतं." आणि मग ती रडायला लागली. फेब्रुवारीपासून नुसती भांडत होती. मी फोन धरून उभा राहिलो. तू तिला फोन कर. शिव्या देईल, त्या ऐकून घे.

पुतळा केला नाही. काल साधा पिंड ठेवला. मधेच गुरुजी अडखळले, "गाव पुन्हा सांगा." मग मंत्राच्या चालीत खणखणीत आवाजात म्हणाले, "हेझलमग्रामे, इलनदीतीरे." शेजारी बसलेला यजमान आपला पिंड सोडून आमच्याकडे बघायला लागला.

आईच्या नावानं ओंजळभर पाणी सोडलं. गुरुजी म्हणाले, "झालं, उठा."

"अजून एक," मी म्हटलं.

या घाटावरची तुझ्या वाटची ओंजळ राहिली होती. तीही सोडली.

तुझा,
दादा