मांडीवरच्या बाळाची नोंद

मी, वस्तुसंग्रहालयात डिजिटल फोटोंच्या नोंदी करून निवृत्त झालेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय (मला दबवणारा अजून जन्मायचाय) हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. आधीची दोन रद्द समजावीत.

१. राहते घर मुलाला, गळक्या नळासकट. बँकेतील शिल्लक सुनेला, म्हणजे ती शिल्लक राहील.

२. स्कॅनर भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला. अट अशी, की फोटो स्कॅन केला की त्यात कोण आहे, तो कुठला, कधीचा आणि कोणी काढला, हे त्याच बैठकीत ठरलेल्या रकान्यांत लिहावे. नुसते 'मावशी' लिहू नये. जगात मावश्या पुष्कळ आहेत.

३. आमच्या जुन्या साहेबांना काही नाही. "फोटो दिसतोय ना? मग ही माहिती काय चाटायचीय?" असे ते मला चारचौघांत म्हणाले होते. पुढे स्वतःच्याच सत्काराचा फोटो त्यांना लाखभर फाइलींत सापडेना, तेव्हा तो मीच काढून दिला. तेवढ्यावर समाधान मानावे.

४. आता मुख्य. आईचा एकच फोटो आहे, मांडीवर बाळ घेतलेला. आम्ही लहान असतानाच ती गेली, त्यामुळे ते बाळ आपणच असावे असे आम्हा दोघी बहिणींपैकी प्रत्येकीला वाटते. विचारायला वडीलधारे कोणी उरले नाही. संगणक फोटोची तारीख म्हणून स्कॅनची तारीख दाखवतो. त्याच्या मते आई परवापरवापर्यंत बाळ खेळवत होती. मला ते वाचायला आवडते, पण नोंद म्हणून चूक आहे. पुराव्याशिवाय नाव लिहायचे नाही हा आमच्या कामाचा नियम, म्हणून मी लिहिले, 'अज्ञात बाळ'. धाकटीने ते पाहिले. "सख्ख्या बहिणीला अज्ञात म्हणतेस?" म्हणाली आणि दोन वर्षे अबोला धरला. मला ते फार लागले.

आज तिला मुद्दाम साक्षीला बोलावले. आली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकीलबाई सांगतात, म्हणून फोटो तिला आत्ताच, हयातीत, देऊन टाकला आहे. नोंदही दोघींनी शेजारी बसून बदलली: 'आई, आणि आमच्या दोघींपैकी एक.' माझ्यामागे ती कोणी सुधारू नये.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: सहीखाली हाताने घातलेला, फाइलीवरचा धरू नये

सही: मोठी बहीण
साक्षीदार: शेजारचे डॉक्टर
साक्षीदार: धाकटी बहीण. सगळे वाचले, मान्य आहे. बाळ मीच.