तुझं कार्ड अर्धंच का राहिलं

तीर्थस्वरूप आत्या,

तुला आणि आतोबांना नमस्कार. पायांपर्यंत वाकलो आहे असं समज. खरोखर वाकलो तर मला परत सरळ करायला माणूस लागतो, आणि आमच्या घरात तेवढा रिकामा वेळ फक्त मलाच असतो. छातीचं दुखणं कसं आहे? ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या तू नर्सला बोलावून डॉक्टरांचे टाके एका ओळीत नाहीत म्हणून सांगितलंस, आणि उसवून पुन्हा घालायला लावलेस तर बरं, असंही वर ऐकवलंस, हे कळल्यावर इकडे सगळ्यांना हायसं वाटलं. तुझी सूनबाई तर म्हणाली, "आत्याबाई जागेवर आहेत."

हे पत्र आतोबा तुला वाचून दाखवणार हे मी धरून चाललो आहे, कारण तुझा चष्मा दवाखान्यात कुठे तरी हरवला आहे असं समजलं. आतोबांना एवढीच विनंती की कंसातला मजकूर त्यांनी मनातल्या मनात वाचावा. (हा बघा, कंस. मनात, आतोबा, मनात.)

आता मुद्द्याचं. परवा तू फोनवर सूनबाईला ऐकवलंस की तुझ्या खाटेजवळच्या खिडकीत कार्डांची रांग लागली आहे, शेजारणीनं आपल्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा उमटवून त्याच्या नावानंसुद्धा कार्ड पाठवलं, आणि ज्याला तू मांडीवर घेऊन सुईत दोरा ओवायला शिकवलंस, जो आता कार्डं बनवणाऱ्या मंडळात मिरवतो, त्या भाच्याचं साधं चिटोरं नाही. तुझं म्हणणं अक्षरशः खरं आहे. मी कार्ड पाठवलेलं नाही. पाठवणारही नाही. का, ते सांगतो. सगळं ऐकून घे, मधेच उठून जाऊ नकोस (तसंही डॉक्टरांनी उठायला मनाई केली आहे, म्हणूनच हे लिहायचं धाडस करतो आहे).

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मोडक्या सायकली ठेवायची एक खोली होती. सायकली हलवल्या आणि तिथे हस्तकला मंडळ बसलं. (सायकली निदान कुणाबद्दल बोलत नव्हत्या.) मंडळाचं काम असं की इमारतीत कुणी आजारी पडलं की जाड कागदाला सुईनं भोकं पाडायची, त्यांतून रंगीत दोरा ओवून फुलंपानं भरायची, 'लवकर बरे व्हा' असं भरायचं आणि ते कार्ड सर्वांनी मिळून रोग्याला नेऊन द्यायचं. विकतचं कार्ड म्हणजे भावनेचा अभाव, असं आमच्या अध्यक्षबाईंचं ठाम मत आहे. त्यांची स्वतःची भावना इतकी तयारीत असते की जिन्यात कुणी शिंकलं तर त्या औषध विचारायच्या आधी आवडता रंग विचारतात.

मला तिथे सूनबाईनं घातलं. कारण असं दिलं की माझा रक्तदाब वाढतो आहे, हाताला काही तरी शांत काम हवं. खरं कारण मला तिथे गेल्यावर कळलं. नक्षीचा कागद कार्डावर टाचायच्या टाचण्या ओठांत धरून बसावं लागतं, आणि ओठांत टाचण्या असल्या की माणसाला कुठल्याही विषयावर मत देता येत नाही. आमच्या संसारातल्या सर्वांत सुखाच्या संध्याकाळी सध्या चालू आहेत, असं ती माझ्यादेखत माहेरी फोन करून सांगते.

मंडळात पुरुष मी एकटाच. सुरुवातीला त्यांनी मला पाकिटं चिकटवायला बसवलं. (पाकिटं चिकटली. मीही चिकटलो. एका पाकिटाला घरी यावं लागलं माझ्याबरोबर.) पण एकदा मी कार्डाच्या मागे गाठ मारली ती अध्यक्षबाईंच्या नजरेत भरली. तीच ती, आत्या, तुझी गाठ. दोरा दोनदा फिरवून त्याच्याच पोटातून काढायचा आणि दातानं ओढायचा, मग ती जन्मात सुटत नाही. माझ्या शाळेच्या चड्ड्यांना तू याच गाठीनं बटणं लावायचीस. चड्ड्या कधीच विरून गेल्या, बटणं अजून एकमेकांना धरून आहेत. त्या गाठीवर मला बढती मिळाली आणि नाव भरायचं काम माझ्याकडे आलं.

इथे मंडळाची एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे नाव आधी भरतात आणि शुभेच्छा नंतर. पूर्वी उलट होतं. पण एका कार्डावर शुभेच्छा इतक्या ऐसपैस भरल्या गेल्या की नावाला जागाच उरली नाही. कार्ड कुणाचं हे कुणालाच आठवेना, तेव्हा बायका ते घेऊन दारोदार फिरल्या आणि ज्यानं पहिल्यांदा दार उघडलं त्याच्या हातात ठेवून आल्या. तो बिचारा चांगला धडधाकट होता. कार्ड वाचून तो त्याच दिवशी सगळ्या तपासण्या करून आला.

तर माझे पहिले रोगी आमचे घड्याळजी. त्यांना खोकला झाला होता, असा की रात्रंदिवस भिंतीतून ऐकू यावा. मी निळ्या दोऱ्यानं त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर भरलं, मान वर केली, तर घड्याळजी खांद्यावर शिडी घेऊन खिडकीसमोरून चाललेले. मी विचारलं, "खोकला कुठे गेला?" ते म्हणाले, "आत्ताच गेला. का, काही काम होतं त्याच्याशी?" मी मुकाट्यानं अक्षर उसवलं. कागद वाया घालवायचा नाही हा अध्यक्षबाईंचा नियम असल्यानं त्याच कार्डावर पुढचं नाव घेतलं.

पुढचं नाव बालवाडीच्या बाईंचं. त्यांचा आवाज बसला होता, आणि खोटं कशाला बोलू, त्याबद्दल इमारतीत फारशी हळहळ नव्हती. मी पहिलं अक्षर पुरं करून दोरा तोडतो न तोडतो तोच वरून बाईंचा आवाज आला. त्या आपल्या नवऱ्याला हाक मारत होत्या. आसपासच्या इमारतींतून बरेच नवरे "आलो, आलो" म्हणाले. त्यांच्यानंतर दंतवैद्य. त्यांची कंबर धरली होती आणि ते मंडळाच्या दारात काटकोनात उभे राहून, आपलं नाव जरा ठळक येऊ दे, एवढं सांगायला आले होते. मी नुसती सुई टोचली आणि ते माझ्या डोळ्यांदेखत रोप वर यावं तसे सावकाश सरळ झाले. वर आल्यावर त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, ते अशा नजरेनं की मीच घाबरलो.

झालं. इमारतीनं निष्कर्ष काढला की कार्ड सुरू केलं की माणूस बरा होतो. माझं म्हणणं साधं होतं. मी इतका सावकाश भरतो की तेवढ्यात कुठलाही आजार कंटाळून निघून जाईल. पण ते मी टाचण्यांमधून बोललो, आणि लोकांना तो मंत्र वाटला.

त्यानंतरचे दिवस विचारू नकोस. दारावर माणसं. "भाऊ, फक्त सुरू करा हो, पूर्ण करायची अजिबात घाई नाही." एकानं चष्म्याचा नंबर आणला, एकीनं जावयाचा स्वभाव आणला. मध्यंतरी लिफ्ट बंद पडली, तर रीतसर सभा घेऊन लिफ्टच्या नावानं कार्ड घालायचं ठरलं. मी विरोध केला (टाचण्यांमधून). सुई टोचली आणि लिफ्ट धडधडत खाली आली. तिच्यात दुरुस्तीवाला होता, हातात पाना होता, कपाळावर घाम होता; पण त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे माझ्याशी हात मिळवत होते. तोही रांगेत उभा राहिला, त्याला घोट्याचं काही तरी होतं.

अशात मंडळाचं वार्षिक प्रदर्शन आलं, आणि मंडळाकडे दाखवायला एकही पूर्ण कार्ड नव्हतं. नुसती भोकं. अध्यक्षबाई संतापल्या. मंडळाची अब्रू जाते आहे म्हणाल्या. आणि नेमकी त्यांनाच सर्दी झाली. त्यांना आनंद मावेना. मला समोर बसवून म्हणाल्या, "माझं कार्ड पूर्ण करायचं. मधे थांबायचं नाही. मला बरं वाटलं तरी थांबायचं नाही." मी नाव भरलं, शुभेच्छा भरल्या, कडेनं साखळी टाक्याची वेल फिरवली आणि मागे तुझी गाठ मारून दातानं ओढली. त्याच क्षणी त्यांना शिंक आली. आत्या, ती अजून चालू आहे. उद्‌घाटनाला फीत कापायची वेळच आली नाही. ती त्यांच्या शिंकेनंच सुटली, आणि मागोमाग क्रेपच्या कागदाचा अख्खा गुलाबताटवा पाहुण्यांच्या अंगावर गेला. डॉक्टर झाले, वाफारे झाले. आता त्या दिसेल त्याला "उसवा! ते आधी उसवा!" म्हणतात. पण ती गाठ सुटते कुठे? दंतवैद्यांनी आपली सगळी हत्यारं लावून पाहिली आणि हात टेकले. म्हणाले, "एवढ्यात अक्कलदाढ निघाली असती." नुसतं फाडून टाकायचं, तर त्यांना भीती की फाटलं तर आपलं काय होईल. म्हणून ते कार्ड सध्या दोन उशांमध्ये ठेवलं आहे.

आता तुझ्या लक्षात आलं असेल मी कुठे येतो आहे ते.

तुला दवाखान्यात नेल्याचा फोन आला तेव्हा मी नवा कोरा कागद घेतला. जुना भोकांचा नाही. तुला आवडतो तो डाळिंबी दोरा घेतला आणि तुझ्या नावाचं पहिलं अक्षर भरलं. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. मी शिकलेला माणूस आहे, अध्यक्षबाईंची सर्दी धुळीची आहे हे मी सगळ्यांना सांगतो. पण अक्षर झालं आणि मी थांबलो. पुढे सुई उचलायला हात होत नाही. गाठ मारलेली नाही. सुई कागदात तशीच आहे, दोरा लोंबतो आहे, आणि सूनबाईला मी त्या टेबलावर फडकं मारायची बंदी केली आहे. जिनं कधी कुठे धुळीचा कण सोडला नाही, त्या बाईनं तिथली धूळ गपचूप राहू दिली आहे. तेव्हा रुसू नकोस. खिडकीतल्या त्या रांगेत माझं कार्ड दिसणार नाही. ते इथे अर्धं आहे, आणि माझ्या हातात असेतो अर्धंच राहील.

कार्ड सोडून बाकी सर्व बाबतींत तुझं ऐकणारा,
तुझा भाचा

ता. क. अध्यक्षबाईंची तुला हात जोडून विनंती आहे. गाठ तुझी, तेव्हा ती सोडवायची कशी हेही तुलाच ठाऊक असणार. कळव. त्या स्वतः चार शब्द लिहिणार होत्या, पण कागद उडाला.

ता. क. दुसरं. (आतोबा, हा कंस मात्र खरोखर मनात वाचा. डॉक्टर काय म्हणाले? फोनवर तुम्ही "ठीक आहे" म्हणता. तुम्ही माळ्यावरून ट्रंकेसकट पडलात तेव्हाही ट्रंकेखालून "ठीक आहे" म्हणाला होतात. मला खरं कळवा. मी रोज त्या टेबलाशी जातो, दोरा बघतो आणि परत येतो. ऑफिसात लोक मला विचारायला लागले आहेत की मी हल्ली बोलत का नाही, आणि तिथे तर माझ्या तोंडात टाचण्याही नसतात.)

ता. क. शेवटचं. आत्या, आतोबांनी वरचा कंस मोठ्यानं वाचला असणार. त्यांना मनात वाचता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता त्यांच्याच आवाजात गल्लीला कळायच्या. तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. गाठ सोडवायची रीत तू स्वतःच्या हातानं लिहून पाठव. आतोबांना सांगून लिहवून घेऊ नकोस. दोन ओळी पुरेत, मला शिव्या दिल्यास तर तीन. ओळ नेहमीसारखी कागद सोडून वर वर चढत गेलेली दिसली की मी तुझं डाळिंबी अक्षर त्याच दिवशी उसवीन. तोपर्यंत अध्यक्षबाई शिंकल्या तर शिंकू देत.